माहेर बघणारी गंगा

नदीलाही माहेर असतं, हा शोध मोहगव्हाणच्या काशीनाथ गुरुजींनी लावला आणि तो त्यांच्याच लेकीच्या मुळावर आला.

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, फाट्यापासून आत, गोदावरी एका ठिकाणी वेड्यासारखं वागते. आमच्याकडे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तर ही गंगा पश्चिमेकडून येते, तिला जायचं असतं पूर्वेला, पण मोहगव्हाणच्या काळ्या टेकडीशी आली की गर्रकन फिरते, आल्या दिशेलाच तोंड करून बरीच वाहते आणि मग मोठा वळसा घालून पुन्हा पूर्वेची वाट धरते. टेकडीवर उभं राहिलं की सगळा वेढा एका नजरेत मावतो. मधे हिरवागार ऊस आणि भोवती पाणीच पाणी. गावाला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. उलट पलीकडच्या शेतात जायला लांब पडतं म्हणून पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्या वळणाला शिव्याच घातल्या. मग कुण्या पोराने ड्रोनने व्हिडिओ काढला, तो मोबाइलवर फिरला आणि परभणी-नांदेडच्या गाड्या टेकडीखाली उभ्या राहू लागल्या.

सरपंच तात्याराव हुशार माणूस. त्यांना गावासाठी 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा पाहिजे होता, म्हणजे रस्ता, दिवे, संडास सगळं त्यातून झालं असतं. ते गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसले.

"गुरुजी, लोकं येयलेत, फोटो काढायलेत आन् जायलेत. थांबायचं नाव घेईनात. हितं कायतरी घडलेलं पायजे बगा. रामाचं पाऊल, सीतेची न्हाणी, कायबी चालंल."

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, शब्दांचे शौकीन. एका दुपारीत त्यांनी कथा रचली. गंगेचं माहेर त्र्यंबकेश्वर आणि सासर समुद्र. सासरी निघालेल्या गंगेला मोहगव्हाणला आल्यावर भडभडून आलं. ती मागे वळली, माहेराकडे डोळे भरून पाहिलं आणि मग तक्रारीचा एक शब्द न काढता निमूट सासरी गेली. झालं! बोर्ड रंगवला, टेकडीवर ठोकला.

परंपरा पडायला आमच्याकडे वेळ लागत नाही. पुढच्याच वर्षी गावातल्या म्हाताऱ्या सांगू लागल्या की हे आम्ही आजेसासूच्या तोंडून ऐकलंय. लग्न झालं की सासरची मंडळी नव्या नवरीला इथे आणू लागली. काठाच्या सपाट खडकाला माहेरखडक असं नाव पडलं. नवरीने गंगेची ओटी भरायची, खडकावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायचं, माहेर बघून घ्यायचं, मग वळायचं आणि पुन्हा मागे न बघता गाडीत बसायचं. एकदा ढकलाढकलीत एक पोरगी पाण्यात पडता पडता वाचली, तेव्हा गुरुजींनी बोर्डावर आणखी एक ओळ वाढवली. खडकावर उभ्या बाईला कुणी हात लावू नये, हाक मारू नये. तिचं बघून झालं की ती आपणहून वळेल. तीही ओळ लोकांनी डोक्यावर घेतली. दर रविवारी गुरुजी माइक धरून कथा सांगत. बायकांच्या डोळ्यांतून पाणी काढण्यात त्यांचा हातखंडा होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

अशात त्यांची लेक योगिनी पंचमीच्या सणाला माहेरी आली आणि परत जाईना.

योगिनीचा नवरा नचिकेत पूर्णेत एका पतसंस्थेत नोकरीला. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. दारू नाही, मारहाण नाही, शिवी तर तोंडात नाहीच. तो फक्त कुलूप लावायचा. सकाळी कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप आणि संध्याकाळी आला की स्वतःच्या हाताने काढायचं. पहिल्यांदा तिला वाटलं, चुकून लागलं असेल. त्याने हसून सांगितलं, "जमाना वाईट आहे गं. मला कामात फिकीर नको." फोन मात्र तिच्याजवळ ठेवायचा, कारण तासातासाला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तो तिने उचलायचा, घरभर फिरवून दाखवायचा. पूर्णा म्हणजे जंक्शन. अकोल्याची गाडी, नांदेडची गाडी, परभणीची गाडी, दिवसभर स्टेशनवरची घोषणा दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायची. सगळं जग कुठे ना कुठे निघालेलं आणि ही बया खिडकीचे गज धरून उभी. एकदा गॅस गळू लागला. तिने रेग्युलेटर काढला आणि गजांना नाक लावून दिवस काढला. संध्याकाळी नचिकेत आला, त्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं आरडाओरडा केला नाहीस. शेजारी काय म्हणाले असते?"

त्या दिवशी तिने मनात ठरवलं, की आता या दारातून बाहेर पडायला मिळालं की पुन्हा आत यायचं नाही.

पंचमी झाली, पाहुण्या लेकीबाळी आपापल्या घरी गेल्या. योगिनीने आई विमलाबाईंना शेंगा सोलता सोलता सगळं सांगितलं. विमलाबाईंनी शेंगा बाजूला सारल्या आणि गुरुजींना हाक मारली. त्या घरात आधी गुरुजी बोलायचे, मग बाकीचे. गुरुजींनी शाळेत चौकशी करावी तशी चौकशी केली.

"मारतो का?"

"नाही."

"उपाशी ठेवतो?"

"नाही, बाबा."

"बाहेर काही लफडं?"

"नाही हो."

"मग कुलूप म्हणजे काळजीच की. जरा जास्तीची म्हण. आणि हे बघ, कुलपाचं बाहेर बोलायचं नाही. लोकांना उगीच चघळायला विषय."

काळजी म्हणे! अहो, म्हशीलासुद्धा माणूस दावं जरा लांब बांधतो. पण बोलणार कोण?  योगिनीला वाटलं, आपण इथेच पडून राहिलो, घरचं काम केलं, कुणाच्या अध्यातमध्यात गेलो नाही, तर हळूहळू सगळ्यांना सवय होईल.

गावाला कसली सवय होतेय! कुलपाचं कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे गावाच्या लेखी ही नुसती रुसून आलेली पोर. पाण्याला जावं तर कुणीतरी हसून विचारी, "गंगा गेली पुढं, तू कधी जायची?" दुकानात जावं तर तेच. खडकाच्या वाटेवर पार्वतीबाईंचं खण-नारळाचं दुकान होतं. ओटीचं सगळं सामान त्यांच्याकडे. बाई मायाळू, योगिनीला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यांनी तिला जवळ बसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या आणि सांगितलं, "गंगामाय बी वळली, बगितली आन् गेली, लेकी. ती तर देव हाय. तू माणूस. आसं रुसून बसू न्हाई."

"काकू, ती गोष्ट बाबांनी रचली. माझ्यासमोर. ओसरीवर बसून."

पार्वतीबाई खळखळून हसल्या. "तुज्या बापानं लिव्हली आसंल गं. रचली ती देवानंच. न्हाईतर नदी आशी वळली काऊन?"

 वळलेली नदी समोर दिसत होती. योगिनीला त्या वेढ्यातल्या उसासारखं वाटू लागलं, ज्या बाजूला जावं त्या बाजूला तेच पाणी. ती चिडली, रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने घराबाहेर पडणं सोडलं. म्हणजे इथे कुलूप नव्हतं एवढाच काय तो फरक.

दिवाळी तोंडावर आली आणि नचिकेतचा फोन आला. तिला नाही, गुरुजींना. लक्ष्मीपूजनाला घरची लक्ष्मी घरात पाहिजे, रविवारी गाडी घेऊन येतो. नेमक्या त्याच रविवारी पर्यटनवाले साहेब जागा बघायला येणार होते. तात्यारावांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला.

"गुरुजी, आपल्याच लेकीची पाठवणी माहेरखडकावरून करायची. साहेबासमोर. व्हिडिओ काढायला मानूस बोलवायलोय. गावाला दर्जा भेटला म्हणूनच समजा."

गुरुजींनी लेकीला न विचारता हो म्हटलं. योगिनीला कळलं तेव्हा ती ओसरीवर आली आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या तोंडाला लागली.

"बाबा, ती गोष्ट खोटी आहे हे तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून तर," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "मी जगाच्या लेकींना सासरी पाठवतो आणि माझीच घरात बसलीय. रोज मला लोक विचारतात. माझं तोंड बंद होतं गं." मग त्यांनी पंचा उचलून डोळे टिपले. रडण्यात खोट नव्हती, पण ते रडत होते स्वतःसाठी. योगिनीने आईकडे पाहिलं. विमलाबाई तिच्या साड्यांच्या घड्या घालत होत्या, आणि एकच घडी पुन्हा पुन्हा मोडत होत्या.

रविवारी टेकडी माणसांनी फुलून गेली. नचिकेत पांढरा शर्ट घालून आला, सगळ्यांच्या पाया पडला. साहेब आले, त्यांना शाल-श्रीफळ झालं. हलगी वाजली. योगिनीला हिरवी साडी नेसवली होती. पार्वतीबाईंनी ओटीचं ताट तिच्या हाती दिलं, तिने ओटी गंगेत सोडली आणि ती खडकावर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. गुरुजींनी कथा सांगितली, आवाज कापला, बायांनी पदर डोळ्यांना लावले. हलगीवाल्याने शेवटची थाप मारली, ज्या थापेवर नवरी वळते.

योगिनी वळली नाही.

आधी तिचं काहीच ठरलं नव्हतं. पण समोरून वारा येत होता, पाणी तिच्याकडे पाठ करून माहेरच्या दिशेने चाललं होतं, आणि तिच्या ध्यानात आलं की या एवढ्याशा दगडावर आपल्याला कुणी हात लावू शकत नाही. सगळ्या दुनियेत तेवढी एकच जागा.  ती उभीच राहिली.

लोक आधी कौतुकाने थांबले. मग कुजबुज सुरू झाली. व्हिडिओवाल्याने दोनदा कोन बदलला. नचिकेत पुढे झाला. "चल योगिनी, उशीर होतोय," म्हणत त्याने हात पुढे केला, तसा पार्वतीबाईंचा आवाज कडाडला.

"जावईबापू, मागं सरा! हात लावायचा न्हाई, हाक मारायची न्हाई. बोर्डावर लिव्हलंय!"

"अहो काकू, पण—"

"पन न्हाई आन् बिन न्हाई. तिचं बगून हुईल तवा ती वळंल."

बायांनी एका सुरात हो म्हटलं. नचिकेत हसत मागे सरला, पण त्याचे कान लाल झाले होते. ऊन डोक्यावर आलं. योगिनीच्या पायांना मुंग्या आल्या, तोंडाला कोरड पडली. सुटका होती, पण ती दोन पावलांची. खडकावरून उतरलं की गाडी, गाडीतून उतरलं की दुसरा मजला. तरी तिला आशा होती ती बापाची. तिला वाटत होतं, बाबांनी नुसतं एवढं म्हणावं की राहू दे पोरीला. ज्याने गोष्ट बांधली त्याला ती सोडवायला कितीसा वेळ?

साहेबांनी घड्याळ पाहिलं. तात्यारावांनी गुरुजींच्या हातात माइक कोंबला. "गुरुजी, काय बी करा, पर आटपा."

माइक खरखरला. योगिनीने डोळे मिटले.

"भगिनींनो," गुरुजींचा आवाज आला, "कथेतली एक ओळ सांगायची राहिली. गंगामाई इथे वळली खरी, पण घटकाभरच. घटका भरली तशी तिच्या बापाने, ब्रह्मगिरीने, तिला आज्ञा केली. बाळ, पुरे. आता पुढे जा. आणि बापाची आज्ञा गंगेने मोडली नाही."

जमावाला सुटल्यासारखं झालं. कुणीतरी "गंगामाता की जय" केलं. पार्वतीबाईंनी हात जोडले. बाप म्हणाला, आता काय राहिलं?

योगिनी वळली ती आज्ञा पाळायला नव्हे. हे बोलताना बाबांचा चेहरा कसा दिसतो, हे तिला बघायचं होतं. गुरुजी तिच्याकडे बघतच नव्हते. साहेब टाळ्या वाजवतात का, इकडे त्यांचं लक्ष होतं. तिच्या मनात आलं, हा माणूस जिवंत आहे तोवर गोष्टीत नवी ओळ निघतच राहणार. ती खाली उतरली, बापाच्या पाया न पडता पुढे गेली आणि गाडीत बसली. विमलाबाई काचेपाशी आल्या, काहीतरी बोलायला गेल्या, तेवढ्यात नचिकेतने काच वर घेतली.

पूर्णेत दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनाला शेजारची चार माणसं आली, योगिनीचं कौतुक करून गेली. नंतर पुन्हा सकाळ झाली की बाहेरून तो आवाज, आधी कडीचा, मग किल्लीचा. आणि आता एक जास्तीची गोष्ट होती. तो मोहगव्हाणचा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रभर गेला होता. नचिकेतनेच तिला तो पाठवला, खाली लिहिलं, 'बघ, किती नाव झालं आपलं.' खडकावर हिरव्या साडीतली एक पाठमोरी बाई, भोवती वळसा घालणारी गंगा, आणि त्यावर बापाचा भरून आलेला आवाज. खाली लोकांनी लिहिलेलं, 'याला म्हणतात संस्कार.' 'आमच्या सुनेला दाखवला.' 'डोळे पाणावले, दिवाळीनंतर नक्की जाणार.'

योगिनीने ते सगळं वाचलं. दाराचं कुलूप नचिकेतने लावलं होतं, ते कधीतरी निघालं असतं. पण हे? घराघरात आता तिची पाठ दाखवून दुसऱ्या पोरींना गाडीत बसवणार. ती खोलीभर फिरली. पाणी प्यायली. रविवार होता, पण नचिकेत पतसंस्थेच्या हप्त्यांच्या वसुलीला म्हणून बाहेर गेलेला. त्याचा कॉल यायला अजून वेळ होता. तिने फोन हातात घेतला आणि त्या संस्काराच्या गर्दीत खाली आपल्या नावाने लिहिलं, 'ही बाई मी आहे. माझं बघून झालं नव्हतं. मी पूर्णेत आहे आणि माझ्या दाराला बाहेरून कुलूप आहे.'

लिहिलं आणि फोन पालथा घालून बसली. थोड्या वेळाने सुलटा करून पाहिला. कुणीतरी लाल बदाम पाठवला होता. कुणीतरी लिहिलं होतं, 'ताई, अभिनय छान.' आणि मोहगव्हाण ग्रामपंचायतीच्या नावाने उत्तर होतं, 'धन्यवाद. पुन्हा अवश्य भेट द्या.' योगिनीला हसू आलं, आणि हसता हसता ती भिंतीला टेकून मोठ्याने रडू लागली. रडण्याचा आवाज शेजारी जाईल याची तिने पहिल्यांदाच पर्वा केली नाही.

फोन वाजला. तिला वाटलं, नचिकेत. नंबर अनोळखी होता.

"योगिनी? मी पार्वता बोलायले." मागे गर्दीचा गलका होता. "आमची सून निकिता त्या व्हिडिओखालचं वाचून दावायली व्हती. खरं हाय का गं ते?"

 तिने नुसतं "हो" म्हटलं.

"कवापासून?"

"लग्न झाल्यापासून, काकू."

 "आगं माय... मग सांगायचं काऊन न्हाई? मी तुला बांगड्या भरल्या, शाणपन शिकिवलं. मला काय ठावं! गंगामायला काय कुनी कोंडलं व्हतं का? ती आपल्या पायानं गेली. कोंडलेल्या बाईला ही गोष्ट लागूच हुईना." पार्वतीबाई रागाने बोलत होत्या, आणि तो राग कुणावर आहे हे त्यांचं त्यांनाच कळत नसावं. "आईक, दुकान निकितावर सोडलंय. फाट्यावर आमच्या पुतण्याची जीप उभी हाय. हितं तुजी आई हाय संगं. धर, बोल."

फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. तेवढ्यात नचिकेतचा व्हिडिओ कॉल मधे येऊ लागला. स्क्रीनवर त्याचा चेहरा उमटला, विझला, पुन्हा उमटला. योगिनीने तो वाजू दिला.

"आई?"

विमलाबाई धापा टाकत होत्या, टेकडीवरून भरभर उतरल्यासारख्या. "हां, मी आहे."

"बाबांना सांगितलंस?"

"ते माइकवर आहेत," विमलाबाई म्हणाल्या. "त्यांचं चालू दे." मग इतक्या महिन्यांत आईबापाने जे कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "योगिनी, कुलूप केवढं आहे गं? वाटेत गंगाखेडहून कापायचं काहीतरी घ्यावं लागेल ना."

योगिनीने हाताची बोटं पसरून माप दाखवलं. मग तिच्या ध्यानात आलं की आईला ते फोनवर दिसत नाही, आणि ती नीट सांगू लागली.